भरलेला कान

१

माझा सगळा धंदा नाकाचा. रविवार पेठेत अत्तराचं दुकान, वडिलांपासूनचं. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं शिक्षण बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आणि गिऱ्हाइकांचे चेहरे वाचून. घरात आमची बोली वेगळी, पण लिहायचं म्हटलं की मला मराठीच सुचते. निम्मं आयुष्य सदाशिव-नारायण पेठेतल्या गिऱ्हाइकांना पटवण्यात गेलं, त्याचा हा परिणाम. शरच्चंद्र मास्तर म्हणून एक होते. दर गणपतीला यायचे, नमुना म्हणून मनगटावर हिना लावून घ्यायचे आणि "विचार करतो" म्हणून निघून जायचे. चौथ्या वर्षी मनगट हुंगून म्हणाले, "मैनुद्दीन, तुमचा माल पूर्वीसारखा राहिला नाही. आता दुसरीकडे बघावं म्हणतो."

मी म्हटलं, "जरूर बघा, मास्तर. तिथलाही नमुना चांगला असेल."

तर असा मी बोलका माणूस. दुकानात बसलं की तोंड बंद राहत नाही. घरची रीत मात्र मुकाट्यानं पाळायची. रोज सकाळी निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या कानात मी फाया खोचायचो. फाया म्हणजे अत्तरात बुडवलेली कापसाची बारीक गोळी. ती कानाच्या वरच्या घडीत बसवायची, भोकात कधीच नाही. थंडीत हिना, उन्हाळ्यात खस. आधी बायको नूरबानू, मग मुलगी जैनब, शेवटी मी. संध्याकाळी आलो की फाये काढून टाकायचे.

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये एका संध्याकाळी जैनबच्या डाव्या कानात फाया नव्हता.

"पडला असेल, अब्बा," ती म्हणाली.

तो मला मोरीच्या कठड्यावर सापडला. चिमटीत धरला आणि तसाच सोडून दिला. ओला होता आणि कोमट होता. चपटा झाला होता, चघळून थुंकलेल्या सुपारीच्या चोथ्यासारखा, आणि त्यावर बारीक खाचा होत्या. खसाच्या वासाखाली दुसरा एक वास होता. शिळ्या लाळेचा.

भुकेलं माणूस काहीही तोंडात घालतं, अशी मी माझी समजूत घातली. हात मात्र तीनदा धुतला.

२

भुकेलं म्हणतो त्याला कारण होतं. त्या वर्षी रमजान जानेवारीत आला. जैनब एकोणीस वर्षांची, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं तीसच्या तीस रोजे धरले. ईदनंतरचे सहा ऐच्छिकही धरले. मग म्हणाली, गेल्या वर्षी आजारपणात राहिलेले फेडते. आम्हाला काय, अभिमानच. मोहल्ल्यात सांगितलं, दुकानात गिऱ्हाइकांनाही सांगितलं. माझी मुलगी बघा आणि आजकालच्या मुली बघा, असं.

राहिलेले रोजे संपले, तरी जेवण सुरू झालं नाही. आज पोट जड आहे, उद्या मैत्रिणीकडे खाल्लं. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. दंडावर बारीक करडी लव आली, तान्ह्या बाळाच्या पाठीवर असते तशी. शेवटी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनीच मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मैनुद्दीनभाई, रोजा सोडण्याचाही हुकूम आहे. आजाऱ्याला तर रोजा माफच आहे. मुलीला जेवू घाला."

त्या रविवारी नूरबानूनं दालचा-भात केला. जैनबनं ताट दोन बोटं लांब सारलं.

"नको, अम्मी. माझे कान भरलेत."

नूरबानूनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आमच्या बोलीत काय आणि मराठीत काय, या शब्दांचा अर्थ एकच. कुणीतरी पोरीच्या मनात काहीबाही घालतंय. आणि पोर एवढी भाबडी की स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय.

"कुणी भरले गं?" नूरबानूनं विचारलं.

जैनबनं मान डावीकडे कलती केली.

३

शोधायला लांब जायची गरज नव्हती. समोरच्या घरात हेमा राहायची. जैनबपेक्षा चार वर्षांनी मोठी, हडपसरच्या एका कारखान्यात टायपिस्ट, सकाळची पाळी करून तीनला घरी यायची. साडेतीनला आमच्याकडे. दोघी आतल्या खोलीत दार लोटून बसायच्या आणि हेमाच्या बोलण्याचा आवाज तासभर अखंड यायचा. हेमा काटकुळी. सायकलवर फिरणारी. लग्नाला नाही म्हणणारी. नूरबानूच्या हिशेबात सगळं जुळलं.

मी गिऱ्हाइकाला कधी तोडून बोलत नाही. हेमाला जिन्यातच गाठलं.

"बेटा, थोडे दिवस येऊ नकोस. जैनबची परीक्षा आहे."

"तिची परीक्षा परवा संपली, चाचा."

"मग तिला विश्रांती हवी आहे."

"चाचा, तुम्ही अत्तर छान विकता. खोटं नीट विकता येत नाही तुम्हाला." तिच्या हातात डबा होता. "ती माझ्यासमोर अर्धी पोळी खाते. रोज. तुमच्यासमोर किती खाते?"

"आमच्या घरचं आम्ही बघू."

"बघा," ती म्हणाली. डबा कठड्यावर ठेवून उतरली. त्यात पोळी आणि बटाट्याची भाजी होती. नूरबानूनं ती तशीच कावळ्यांना टाकली.

चोर पकडल्याचा आनंद मला आठ दिवस पुरला.

४

नवव्या दिवशी जैनब कुजबुजत बोलायला लागली. मोठ्यानं बोललं की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो म्हणाली, हंड्यात तोंड घालून बोलावं तसा. श्वासही ऐकू येतो. आत, बाहेर. आत, बाहेर. दिवसातून कितीतरी वेळा ती गुडघ्यांत डोकं खुपसून बसायची. "खाली वाकलं की थांबतं," म्हणायची. पाठीचे मणके कपड्यातून मोजता यायचे.

आणि वास. माझ्या नाकाला दोन महिने शिळं झालेलं गुलाबाचं अत्तर ओळखता येतं, त्यामुळे हे माझ्या वाट्याला जास्त आलं. तिच्या तोंडाला सडत चाललेल्या सीताफळाचा वास यायचा, त्यावर नखांचा रंग पुसायच्या औषधाची झाक. उपाशी माणसाला येतो तसा वास, पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पण डाव्या बाजूला बसलं की वेगळा वास यायचा. भरपेट जेवून, चूळ न भरता झोपलेल्या माणसाच्या तोंडाचा.

नूरबानू मात्र खुशीत होती. "अहो, ताटातला भात कमी होतोय. हेमा सुटली आणि पोर खायला लागली."

ताटातला भात खरंच कमी होत होता. मग अंगावर का दिसत नाही?

पुढच्या रविवारी मी तिच्या डाव्या बाजूला जेवायला बसलो आणि पेपर उघडला. नूरबानू स्वयंपाकघरात. बाराचं ऊन खिडकीतून थेट ताटावर पडलेलं. जैनबचे ओठ घट्ट मिटलेले. एक हात मांडीवर, दुसरा कानापाशी, केस सावरावेत तसा.

तेवढ्यात मला चावण्याचा आवाज आला. ओला, संथ, मचमच असा. म्हातारं माणूस दात नसताना खातं, तसा.

मी आधी नळाकडे बघितलं. नळ बंद होता. वीज गेलेली, म्हणजे पंखाही नाही. स्वतःचं तोंड तपासलं. घास केव्हाच गिळला होता. आवाज माझ्या उजव्या हाताकडून येत होता आणि तिथं फक्त जैनब होती. तिचा जबडा हलत नव्हता.

"जैनब?" मी म्हटलं.

आवाज थांबला. चोरून खाताना कुणी दार उघडावं, तसा.

मी ताट उचललं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. स्वतःच्या मुलीपासून ताट लांब नेणारा बाप मी दुसरा बघितलेला नाही. तिनं ते बघितलं. दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली.

"किळस येते ना, अब्बा?"

मी काही बोललो नाही. मी, ज्याचं तोंड बंद राहत नाही.

"मलापण येते," ती कुजबुजली. "तुम्हाला उठून जाता येतं."

५

दुसऱ्या दिवशी तिला रिक्षात घालून नारायण पेठेत नेलं. कानाच्या डॉक्टर वासंती साठ्ये माझ्या जुन्या गिऱ्हाईक. वर्षाला केवड्याची एक शीशी आणि वर्षभर पुरेल एवढे टोमणे.

"अहो अत्तरवाले, मुलीला कानासाठी आणलंत? हिच्याकडे बघून तुम्हाला फक्त कानच दिसला?"

आधी काट्यावर उभं केलं. एकतीस किलो. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "यातले आणखी तीन-चार किलो उतरले तर हृदय थांबेल. मग कान दाखवायला यावं लागणार नाही."

मग डाव्या कानात दिवा लावून बघितलं. बराच वेळ. बारीक चिमटा घेतला आणि कापसावर काहीतरी काढून ठेवलं. पांढरट, चिकट. भाताची शितं होती. चार अख्खी, बाकी चावून लगदा झालेली. वास खोलीभर पसरला. नर्सनं तोंडाला पदर लावला.

"हे कानात कोण घालतं?"

"मी ठेवते फक्त," जैनब म्हणाली. "नाहीतर ते गप्प बसत नाही."

"चावून ठेवतेस?"

"नाही."

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं, ते मी दुकानदाराच्या बुद्धीनं सांगतो. नाकाच्या मागून कानात एक नळी जाते. एरवी ती मिटलेली असते. माणूस फार झिजलं की तिच्याभोवतीची चरबीही झिजते आणि नळी उघडी राहते. मग स्वतःचा श्वास, स्वतःचा आवाज थेट कानावर आदळतो. खाली वाकलं की बरं वाटतं. "आणि कान गच्च भरल्यासारखे वाटतात. तिनं तसं कधी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं," म्हटलं.

"मग?"

"आम्हाला वाटलं, कुणी भरले."

त्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा टोमणा मारला नाही. मग त्यांनी एक रबरी नळी काढली. एक टोक जैनबच्या कानात, दुसरं स्वतःच्या. "ऐका, म्हणजे तुमची खात्री पटेल. यात भुताटकी काही नाही." दुसरं टोक पुसून माझ्या कानात दिलं.

वारा शिरावा तसा श्वास. आत, बाहेर. तिच्या छातीबरोबर, अगदी तालात. मला इतकं बरं वाटलं की हसू आलं.

"आता श्वास धर, बाळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जैनबनं धरला. छाती थांबली. नळीत शांतता झाली.

मग तिथं कुणीतरी आवंढा गिळला. सावकाश, समाधानानं. आणि श्वास पुन्हा सुरू झाला. आत, बाहेर. जैनबचे गाल फुगलेले, डोळे माझ्यावर, छाती दगडासारखी.

मी नळी काढून बाईंच्या हातात दिली. त्यांनी कानाला लावली. दहापर्यंत आकडे मोजावेत इतका वेळ गेला.

"नाडी असेल," त्या म्हणाल्या. नळी गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवायच्या ऐवजी त्यांनी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

६

दहा दिवस जैनब इस्पितळात होती. सलाइन, तपासण्या, मनाच्या डॉक्टरांचं बोलणं. जीव तगला. पण घरी पाठवताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की आता तोंडानं खाल्लं तरच ती वाचेल. नाकातून नळी घालून किती दिवस रेटणार?

घरी आल्यावर पहिल्या दिवशी दोन घास, दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी ताट लांब. तिला भूक होती, ते मला दिसत होतं. घास ओठांपर्यंत यायचा, मान डावीकडे कलायची आणि चेहऱ्यावर अशी शिसारी यायची की हात आपोआप खाली जायचा. एकदा म्हणाली, "अब्बा, तुमच्या घासात दुसऱ्याचे दात वाजत असतील, तर गिळाल?"

साडेतीनला मी समोरचा जिना चढलो. हेमानं दार उघडलं आणि आत बोलावलं नाही.

"बेटा, चूक झाली," मी म्हटलं.

"किती वजन आहे?"

"बत्तीस."

ती दारातच खाली बसली. मीही पायरीवर बसलो.

"माझी बदली झालीय, चाचा. उद्या नाशिकला निघते. नाहीतर आले असते. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी."

"तू तिला खायला कशी लावायचीस, तेवढं सांग."

"लावायची कसली. मी नुसती बोलायचे. डाव्या बाजूला बसून, न थांबता. ऑफिसातलं, सिनेमातलं, काय वाटेल ते. जैनब म्हणायची, कुणी गोष्ट सांगत असलं की ते खायचं थांबवून ऐकतं. तेवढ्यात ती खाऊन घ्यायची." हेमा हातावरचे टाइपरायटरच्या शाईचे डाग खरवडत होती. "मला वाटायचं, तिच्या मनाचे खेळ आहेत. असू देत, पोळी तर जाते पोटात."

"फक्त वाटायचं?"

"एक दिवस मला ठसका लागला. बोलणं तुटलं." ती उठली. "चाचा, बोलताना थांबू नका. आणि सांगितलेली गोष्ट परत सांगू नका. परत सांगितली की त्याला कळतं."

७

दुकान मी दुपारी बंद ठेवायला लागलो. बारा वाजता जैनबच्या डाव्या हाताला बसायचं, तोंड तिच्या कानाशी न्यायचं आणि सुरू व्हायचं. पहिल्या दिवशी तो वास आल्यावर मला ओकारी आली. बोलता बोलता ती गिळली आणि पुढं बोललो. शरच्चंद्र मास्तर सांगितले. कनोजच्या व्यापाऱ्यानं मला पाणी घातलेलं गुलाब कसं विकलं आणि मी ते त्यालाच परत कसं विकलं, ते सांगितलं. माझं लग्न सांगितलं, तेव्हा नूरबानू आतून "खोटं आहे हे" म्हणाली आणि जैनब घास तोंडात घेऊन हसली. अर्धी पोळी गेली. मग एक. मग पोळी आणि डाळ.

गोष्टी संपत आल्या तेव्हा मी गिऱ्हाइकांकडून गोळा करायला लागलो. अत्तर घ्यायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न, "तुमच्याकडे काय नवीन?" लोक म्हणायचे, मैनुद्दीनभाई किती आपुलकीनं विचारतात. मी मनातल्या मनात दुपारचं माप भरून घेत होतो.

छत्तीस. एकोणचाळीस. ऑगस्टच्या शेवटी त्रेचाळीस. हातावरची लव झडली. आवाज मोकळा झाला. सीताफळाचा वास गेला. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून बघितलं, कानाचा पडदा आता श्वासाबरोबर हलत नव्हता. "मिटली नळी. आता हिला तुमच्या बडबडीपासून सुटका द्या." नवी रबरी नळी टेबलावर होती. ती त्यांनी लावली नाही आणि मीही लावा म्हटलं नाही.

घरी येऊन जेवायला बसलो. नूरबानू आत पोळ्या लाटत होती. सवयीनं मी सुरुवात केली. मोगरा आणणाऱ्या सोनबाची गोष्ट होती, त्याच सकाळी त्यानं सांगितलेली. फुलांची पाटी रात्रभर विहिरीच्या कडेला ठेवली होती, सकाळी उचलायला गेला तर तिला माणसाएवढं वजन. "शेट, म्या म्हनलं, फुलंच हायेत ना? मग फडकं उचललं, आन्..."

घसा सुकला होता. जैनबनं मोठा घास घेतला होता, दोन्ही गाल भरलेले. तिच्या कपाळावर घाम होता, चांगला, जेवताना येतो तो. डॉक्टर म्हणाल्या होत्या, मिटली. मी बोलणं थांबवलं आणि पाण्याचा पेला उचलला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या ताटावर शांतता झाली.

"मग?"

आवाज बारीक होता, ओला होता, माझ्या ओठांपासून वीतभर अंतरावरून आला होता. त्याबरोबर उष्ट्या तोंडाची गरम वाफ माझ्या गालाला लागली.

आतून नूरबानू हसली. "बघा, पोर आज विचारतेय पुढचं. एवढी रंगली का गोष्ट?"

जैनबचं तोंड घासानं गच्च भरलेलं होतं. तिनं चावायचं थांबवलं. मान हलवली नाही, फक्त डोळे माझ्याकडे वळवले, आणि त्या डोळ्यांत मी बघितलं की घास बाहेर टाकायचा की गिळायचा, हे आता माझ्यावर आहे.

पेला खाली ठेवला. पाणी प्यालो नाही. तोंड त्या कानाशी नेलं.

"मग सोनबानं फडकं उचललं," मी म्हटलं, आणि ती चावायला लागली.